वार्धक्यांतील बळ विचारणारे पांच प्रश्न

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ऐकतांक्षणीं आपणांस कोरडा वाटण्याचा संभव आहे. एका वैद्यकीय प्रश्नावलीचें इंग्रजींतून आपल्या भाषेंत रूपांतर कसें करावें, हा तो विषय होय. प्रश्न अवघे पांच आहेत, आणि ते इतके साधे आहेत कीं, शाळेंतील एखादा हुशार विद्यार्थी त्यांचें भाषांतर घटकाभरांत करून आणील. जन्मभर वर्गांत भाषांतराचे धडे घेतल्यामुळें मलाही आरंभीं तसेंच वाटलें होतें. परंतु ते प्रश्न घेऊन मी आमच्या गांवच्या पारावर, माझ्या वयाच्या व माझ्याहून वडील अशा मंडळींत जाऊन बसलों, तेव्हां माझें शुद्ध भाषांतर प्रत्येक प्रश्नाला अडखळूं लागलें. वर्गांत शब्द चुकला तर विद्यार्थ्याचा एखादा गुण जातो. येथें शब्द चुकला तर एखाद्या वृद्धाचा आजार ओळखावयाचा राहून जातो. म्हणून हा विषय मी आपणांपुढें मांडीत आहें.

प्रथम आजाराविषयीं दोन शब्द सांगतों. वय वाढूं लागलें म्हणजे केस पिकतात, दृष्टि मंदावते, हें सर्वांस दिसतें. परंतु त्याच काळांत शरीरांतील मांस व त्या मांसाचें बळ हळूहळू ओसरत असतें, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. स्नायूंस चेतना देणाऱ्या मज्जापेशी घटतात, चटकन् जोर लावणारे तंतु बारीक होतात, आहार उणावतो, हालचाल मंदावते. आणि मांस ज्या वेगानें घटतें त्याहून अधिक वेगानें बळ घटतें. ही घट एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे आधुनिक वैद्यक तिला ‘सार्कोपेनिया’ असें म्हणतें. हें नांव अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानें सुचविलें व १९८९ सालीं तें छापून आलें. शब्द ग्रीक भाषेवरून बनविलेला आहे. ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. २०१६ सालीं अमेरिकेंतील रोगांच्या अधिकृत सूचींत त्यास स्वतंत्र क्रमांक मिळाला. आपल्याकडील जुन्या वैद्यांस ही अवस्था अगदींच अपरिचित होती असें नव्हे. चरकसंहितेंत मांसक्षयाचीं लक्षणें सांगतांना कुल्ले, मान व पोट सुकणें यांचा निर्देश केलेला आहे.

हा आजार ताप आणीत नाहीं, ठणकत नाहीं. म्हणून ‘वय झालें’ या दोन शब्दांत आपण त्याची बोळवण करतों. परंतु त्याची परिणति पुष्कळदां पडण्यांत होते, पडण्यांतून खुब्याचें हाड मोडतें, आणि तें हाड मोडलेला वृद्ध पुष्कळदां पूर्वीसारखा चालूं शकत नाहीं. ही गति अटळ असती तर ओळखण्याचा खटाटोप कशाला, असें आपण म्हणाल. पण ती सर्वस्वीं अटळ नाहीं. १९९० सालीं प्रसिद्ध झालेला बोस्टन येथील एक प्रयोग सांगतों. नव्वदीच्या घरांतील दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा पद्धतशीर व्यायाम करविण्यांत आला. ज्या नऊ जणांनीं तो पुरा केला, त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें. नव्वदाव्या वर्षींही स्नायु शिकविल्यास शिकतात! तेव्हां वेळीं ओळखणें आणि मग जाणत्यांच्या देखरेखीखालीं योग्य व्यायाम व पुरेसा सकस आहार देणें, यांस मोठा अर्थ आहे.

आतां ओळखावयाचें कसें? शरीरांतील मांसाचें प्रमाण मोजणारीं यंत्रें मोठ्या शहरांतील रुग्णालयांत असतात. मेहकर वा संग्रामपूरकडील खेड्यांतून कोणास तेथपर्यंत न्यावें आणि कोणास न नेलें तरी चालेल, ही पहिली निवड घरच्या ओट्यावरच व्हावी लागते. त्या निवडीसाठीं सेंट लुइस येथील माल्मस्ट्रॉम व मॉर्ली या दोघां संशोधकांनीं २०१३ सालीं ‘सार्क-एफ’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. दक्षिण आशियांतील राष्ट्रांच्या सार्क संघटनेशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. पांच प्रश्नांच्या इंग्रजी नांवांचीं तीं आद्याक्षरें आहेत. दहा पौंड, म्हणजे सुमारें साडेचार किलो, वजन उचलून नेणें. खोली ओलांडून चालणें. खुर्चीवरून अथवा बिछान्यावरून उठणें. दहा पायऱ्यांचा जिना चढणें. आणि गेल्या वर्षभरांत किती वेळां पडलां, असे ते पांच प्रश्न. पहिल्या चारांत ‘मुळींच कठीण नाहीं’ या उत्तरास शून्य, ‘थोडें कठीण’ यास एक व ‘फार कठीण किंवा अशक्य’ यास दोन गुण. पडण्याच्या प्रश्नांत एकदांही न पडल्यास शून्य, एक ते तीन वेळां पडल्यास एक, व चार किंवा अधिक वेळां पडल्यास दोन. एकूण दहांपैकीं चार वा त्यांहून अधिक गुण झाले तर पुढील तपासणी करावी. शाळेच्या परीक्षेहून येथें उलटा न्याय आहे; गुण जितके कमी तितकें चांगलें.

ही प्रश्नावली पुढें जगांतील अनेक भाषांत गेली, आणि त्यांत ग्रीकही आहे. या आजारानें माणसाच्या नित्याच्या जीवनांत काय उणें येतें हें विचारणारी ‘सार्कॉल’ नांवाची दुसरी, बरीच मोठी प्रश्नावली आहे. ती बेल्जममधील लिएज येथें सिद्ध झाली व २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत २२ प्रश्न व त्यांचे ५५ पोटप्रश्न आहेत. तीही ग्रीकमध्यें नेण्यांत आली. आपणांस वाटेल कीं, रोगाचें नांवच ग्रीक; मग ग्रीकांस त्यांत अवघड तें काय? परंतु नांव घरचें असलें तरी प्रश्न परक्या घरांत जन्मलेले असतात. शिवाय ग्रीकांची भाषा दीर्घकाळ दोन रूपांत वावरत आली. एक ‘काथारेवुसा’ ही पंडिती भाषा, दुसरी ‘दिमोतिकी’ ही लोकांची भाषा. लोकभाषेस १९७६ सालीं राजमान्यता मिळाली. आज ऐंशीच्या घरांत असलेल्या ग्रीकांचें शालेय शिक्षण त्यापूर्वींचें आहे. अशा आजीला प्रश्न विचारतांना कोणता शब्द घ्यावा, याचा विचार करावाच लागतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत तरी याहून वेगळें काय आहे? पुस्तकांतील मराठी एक, आणि घरांतील वऱ्हाडी दुसरी. त्यांतही आम्ही जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग मानतों. घाटावर सिंदखेडराजाकडील बोलींत मराठवाड्याची छटा दिसते; घाटाखालीं शेगांव-नांदुऱ्याकडे, पूर्णेच्या खोऱ्यांत, वऱ्हाडी ठसठशीत ऐकूं येते.

अशा रूपांतराची एक शिस्त आतां ठरून गेलेली आहे. २००० सालीं बीटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती नीट लिहून काढली. प्रथम दोघां जणांनीं स्वतंत्रपणें भाषांतर करावयाचें. त्यांपैकीं एकास विषय ठाऊक असावा, दुसऱ्यास नसावा. मग दोन्ही भाषांतरांचा मेळ घालून एक करावयाचें. त्यानंतर मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनीं तें पुन्हा मूळ भाषेंत न्यावयाचें, म्हणजे वाटेंत काय सांडलें तें कळतें. पुढें वैद्य, भाषाज्ञ व भाषांतरकार यांनीं एकत्र बसून एकेक शब्द पारखावयाचा. शेवटीं तीस ते चाळीस माणसांस प्रश्न विचारून ‘तुम्हांला यांतून काय समजलें?’ असें प्रत्येकास पुसावयाचें. ही शेवटची पायरी शिक्षकांस चांगली परिचयाची आहे. मुलानें मान डोलावली म्हणजे त्यास समजलें असें होत नाहीं. त्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत तें वदवून घ्यावें लागतें. मी पारावर केलें तें या शिस्तींतील शेवटच्या पायरीची केवळ एक नक्कल होती. तिला शास्त्रीय किंमत नाहीं, हें मी आधींच सांगून ठेवतों. परंतु अडचणी कोठें दडलेल्या असतात, हें तिनें मला दाखविलें.

पहिली अडचण प्रश्न सुरू होण्यापूर्वींच उभी राहते. या आजारास मराठींत काय म्हणावें? विद्वानांस ‘स्नायुक्षय’ हा शब्द सहज सुचेल. परंतु खेड्यांत ‘क्षय’ म्हटला कीं तो छातीचाच, खोकल्याचाच. हा शब्द ऐकून म्हातारी घाबरेल आणि शेजारीण तिच्या घरचें पाणी पिणार नाहीं. ‘स्नायु’ या शब्दाचाही इतिहास मोठा चमत्कारिक आहे. सुश्रुतानें शरीरांत नऊशें स्नायु व पांचशें पेशी सांगितल्या आहेत. तेथें स्नायु म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध, आणि मांसाच्या गोळ्याचें नांव पेशी. आज आपण मांसासच स्नायु म्हणतों, आणि पेशी हें नांव शरीराच्या सूक्ष्म घटकास दिलें आहे. खेड्यांतील माणसापुढें तर दोन्ही शब्द व्यर्थ. तो ‘शिरा आखडल्या’ असें म्हणतो. सुदैवानें त्या पांच प्रश्नांत आजाराचें नांव येतच नाहीं. म्हणून नांव डॉक्टरांच्या कागदावर राहूं द्यावें, आणि विचारतांना ‘हातापायांतला जोर’ एवढेंच म्हणावें. ‘अशक्तपणा’ हा शब्दही टाळलेला बरा. कारण अशक्तपणा आहे कां, असें विचारलें तर तापांतून उठलेला तरुणही ‘आहे’ असेंच म्हणेल.

दुसरी अडचण ‘कठीण’ या कल्पनेची. माझ्या पहिल्या भाषांतरांत ‘तुम्हांला किती त्रास होतो?’ असे शब्द होते. एका घरच्या ओट्यावर एका आजींना मीं तो प्रश्न विचारला. त्यांनीं आंत सुनेकडे पाहिलें आणि घाईघाईनें म्हणाल्या, ‘मले काईच तरास नाई बापा, सारे चांगले हायेत.’ प्रश्न गुडघ्यांविषयीं होता. उत्तर घरच्या माणसांविषयीं आलें! मग मीं ‘जड जातें कां?’ असें विचारून पाहिलें. चालणें जड जातें, चढणें जड जातें, हें सर्वांस समजलें. परंतु वजनाच्या प्रश्नांत घोटाळा झाला. ‘पांच किलो म्हटल्यावर जड असणारच’ असें उत्तर येऊं लागलें. अखेर ‘कठीण जातें कां?’ हा साधा शब्दच चारही प्रश्नांत चालला आणि घाटावर व घाटाखालीं सारखाच समजला. शब्द भारदस्त असावा कीं सोपा असावा, एवढाच येथें प्रश्न नसतो. तो चारही ठिकाणीं एकच अर्थ देणारा असावा लागतो.

आतां एकेक प्रश्न पाहूं. दहा पौंड हें वजन आपल्याकडे कोणाच्या हातास ठाऊक नाहीं, आणि ‘साडेचार किलो’ ऐकून डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं. परंतु २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य गटांतील कुटुंबांस दरमाणशीं दरमहा ५ किलो धान्य ठरवून दिलें आहे. ‘एका माणसाचें रेशन’ म्हटलें कीं प्रत्येक आजीस तें वजन अचूक कळतें. मूळ वजनाहून तें अर्धा किलो अधिक भरतें, तेव्हां तें पत्करावें कीं नाहीं याचा निर्णय तज्ज्ञांच्या समितीनें करावा. शिवाय ‘हातांत उचलून’ असें स्पष्ट म्हणावें लागतें. आपल्याकडील स्त्रिया ओझें डोक्यावर घेतात. आणि डोक्यावर कोणीं चढवून दिलेलें ओझें नेणें व जमिनीवरून स्वतः उचलणें यांत पुष्कळ अंतर आहे.

येथें मला माझ्या मातोश्रींची आठवण येते. वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडल्यावरही घरचें पाणी त्या स्वतः आणीत. ‘पानी तं मीच आनतो’ असें त्या अभिमानानें सांगत, आणि तें खरेंही होतें. मात्र त्यांचा पितळी गुंड पूर्वीं गळ्यापर्यंत भरलेला असे, तो पुढें अर्धा भरला जाऊं लागला, आणि अखेरीस तळाशीं चार तांबे पाणी राही. एका खेपेच्या चार खेपा झाल्या. आम्हां मुलांस खेपा दिसल्या. गुंडांतील पाणी कोणीं पाहिलें नाहीं. ‘पाणी आणतां कां?’ असें कोणीं विचारलें असतें तर त्यांच्या नांवापुढें शून्यच मांडलें गेलें असतें. म्हणून वजन नेमकें सांगणें हा या प्रश्नाचा प्राण आहे.

दुसरा प्रश्न खोली ओलांडण्याचा. मूळ प्रश्नांत चालण्यासाठीं साधनाचा आधार घेणें हेंही दोन गुणांचें उत्तर धरलेलें आहे. मीं विचारलें, ‘चालतांना काठी वापरतां कां?’ पारावरील निम्म्या मंडळींनीं ‘हो’ म्हटलें. त्यांत एक मेंढपाळ होते; दिवसांतून कित्येक कोस ते सहज चालतात. त्यांची काठी मेंढरांसाठीं व कुत्र्यांसाठीं, देहाच्या आधारासाठीं नव्हे. तेव्हां ‘काठी टेकल्यावांचून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातां येतें कां?’ असें विचारावें लागतें. काठीचा अर्थ शहरांत एक, आणि शिवारांत दुसरा.

तिसरा प्रश्न उठण्याचा, आणि माझ्या मतें सर्वांत नाजूक तोच आहे. आमच्या खेड्यांतील वृद्ध स्त्रीचें बसणें-उठणें आजही पुष्कळसें जमिनीवरचें आहे. मनांत येतें कीं, खुर्ची काढून टाकावी आणि ‘जमिनीवरून उठतांना’ असें म्हणावें. तेंच आपल्या जीवनाशीं जुळतें. परंतु येथें थांबलें पाहिजे. जमिनीवरून उठणें हें खुर्चीवरून उठण्याहून कितीतरी अवघड काम आहे, आणि त्यांत गुडघ्यांची वेदनाही मिसळते. प्रश्न असा बदलला तर पुष्कळांचे गुण वाढतील. पण ते बळ घटल्यामुळें वाढले कीं प्रश्न कठीण केल्यामुळें वाढले, हें कळणार नाहीं. दहांपैकीं चार ही मर्यादा मूळ प्रश्नांच्या वजनावर बेतलेली आहे. तराजूच्या एका पारड्यांतील माप बदलावयाचें आणि भाव मात्र जुनाच सांगावयाचा, हा व्यवहार खरा नव्हे. सुदैवानें मूळ प्रश्नांत ‘खुर्ची अथवा बिछाना’ असे दोन्ही शब्द आहेत, आणि बाज कोणत्या घरांत नाहीं? मात्र झोळ पडलेल्या सुंभाच्या बाजेवरून तरुणही धडपडत उठतो. म्हणून ‘ताठ विणलेल्या बाजेवरून किंवा पलंगावरून’ असें म्हणावें.

चौथा प्रश्न पायऱ्यांचा. येथें उत्तर येतें, ‘आमच्या घरीं जिनाच नाहीं.’ प्रश्नावलींत असल्या उत्तरास गुण ठरविलेला नाहीं. आणि विचारणाऱ्यानें ‘मग अडचण नाहीं’ असें समजून शून्य मांडलें तर मोठीच चूक होते. पायऱ्या आमच्या जिल्ह्यांत नाहींत असें थोडेंच आहे? सिंदखेडराजाची पुतळा बारव आहे, लोणारच्या सरोवराच्या कांठीं कमळजादेवीचें देऊळ आहे, गांवोगांवचीं मंदिरें आहेत. पण वृद्ध तेथें जात नाहींत, आणि कां जात नाहींत हें कोणी पुसत नाहीं. ‘जाण्याचें कारण पडत नाहीं’ आणि ‘जाववत नाहीं’ हीं दोन उत्तरें वेगळीं आहेत. म्हणून ‘न थांबतां दहा पायऱ्या चढावयाच्या झाल्या, तर कितपत कठीण जाईल?’ असें विचारून, मनुष्य काय करतो यापेक्षां काय करूं शकतो, इकडे प्रश्न वळवावा लागतो. आणि यांत जो ‘न थांबतां’ हा शब्द मीं घातला, तो मूळांत आहे कीं माझ्या पदरचा, हें उलट भाषांतर करणाऱ्यानें लगेच पकडावें. तो माझ्या पदरचाच आहे, आणि म्हणून तो काढला पाहिजे.

पांचवा प्रश्न पडण्याचा. ‘पडणें’ हें क्रियापद मराठींत बहुरूपी आहे. माणूस आजारी पडतो, दुपारीं घटकाभर पडतो, पैशास कमी पडतो, आणि ओट्यावरूनही पडतो. ‘गेल्या वर्षीं किती वेळां पडलां?’ यावर एका वृद्धानें मला उत्तर दिलें, ‘आता दिवसभर पडूनच तं राहतो!’ म्हणून ‘तोल जाऊन किंवा पाय घसरून जमिनीवर पडलां’ असें फोडून सांगावें. ‘गेलें वर्ष’ हेंही मोघम. कोणी पाडव्यापासून मोजतो, कोणी मृगापासून. प्रश्न पोळ्याच्या सुमारास विचारावयाचा असेल तर ‘मागल्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत’ असें म्हणावें. बारा महिने मनांत नीट उभे राहतात. आणि हा प्रश्न शक्य तों एकांतांत विचारावा. पडल्याचें घरीं कळलें तर शेतांत जाणें बंद होईल, या भीतीनें वृद्ध माणसें पडणें लपवितात.

उरला ‘थोडें’ आणि ‘फार’ यांतील भेद. एकाचें थोडें तें दुसऱ्याचें फार असतें. जन्मभर कापसाचीं ओझीं वाहिलेली बाई जें ‘थोडें कठीण’ म्हणेल, तें माझ्यासारखा खडू धरणारा ‘फार कठीण’ म्हणून सांगेल. या अडचणीवर एक युक्ति योजलेली आहे, आणि ती महाराष्ट्राच्या खेड्यांतही वापरली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक पाहणींत, पुणें जिल्ह्यांतील वढू भागांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानें २००७ च्या सुमारास पन्नाशी उलटलेल्या लोकांस प्रकृतीविषयीं प्रश्न विचारले. त्या पाहणींत माणसास स्वतःच्या प्रकृतीबरोबर कल्पित व्यक्तींच्या प्रकृतीचीही पारख करावयास सांगत. अमुक एक मनुष्य इतकें चालतो व इतक्यांत दमतो. त्याची अडचण थोडी म्हणाल कीं फार? त्या उत्तरावरून सांगणाऱ्याचें ‘थोडें’ केवढें आहे याचा अंदाज घेतां येतो. परीक्षकानें आपली मोजपट्टी आधीं दाखवावी, तसाच हा प्रकार आहे.

एवढें सारें करूनही प्रश्नावली ही प्रश्नावलीच. ज्यांस हा आजार नाहीं त्यांस सार्क-एफ सहसा संशयित ठरवीत नाहीं. परंतु खरोखर आजारी असलेले पुष्कळ जण तिच्या जाळींतून निसटतात, असें देशोदेशींच्या अनुभवावरून दिसून आलें आहे. म्हणून शब्दांस मापाची जोड द्यावी लागते. २०१६ सालीं ब्राझीलमधील संशोधकांनीं तिला पोटरीच्या घेराचें माप जोडलें. आशियांतील तज्ज्ञांच्या गटानें २०१९ सालीं ज्या मर्यादा दिल्या, त्यांत पुरुषांची पोटरी ३४ सेंटिमीटरांहून व स्त्रियांची ३३ सेंटिमीटरांहून बारीक असल्यास संशय घ्यावा असें आहे. हाताच्या पकडीचा जोर पुरुषांत २८ किलोंहून व स्त्रियांत १८ किलोंहून कमी असणें, आणि खुर्चीवरून पांच वेळां उठण्या-बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागणें, हींही लक्षणें त्यांत आहेत. भारतांत मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेनें २०१७-१८ सालीं जी वार्धक्याची पाहणी केली, तींत ७२,००० हून अधिक लोकांस त्यांच्या त्यांच्या भाषांत प्रश्न विचारले गेले, आणि हाताची पकड यंत्रानें मोजली गेली. पोटरी मोजण्यास शिंप्याची फीत पुरते. जपानांत तर फीतही लागत नाहीं. दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या जुळवून कडें करावयाचें आणि तें पोटरीच्या जाड भागाभोंवतीं घालावयाचें. कडें सैल राहिलें तर शंका घ्यावी. या परीक्षेस भाषांतर लागत नाहीं. परंतु पडण्याची गोष्ट फीत सांगत नाहीं, आणि जिना चढतांना वाटणारी धास्ती कोणतेंही यंत्र दाखवीत नाहीं. तीं विचारूनच कळतात. आणि विचारावयाचें तर ऐकणाऱ्याच्या भाषेंत विचारावें लागतें. आमच्याकडील कित्येक वृद्ध स्त्रियांस अक्षरओळख नाहीं. त्यांच्यासाठीं ही प्रश्नावली कागदावरची नसून कानावरची आहे. आशा सेविका ती उच्चारील, तेव्हांच ती खरी लिहिली गेली असें होईल.

सारांश, प्रश्नाचें वजन मूळचें राहिलें पाहिजे आणि त्याची वाणी आपली झाली पाहिजे. वजन बदललें तर गुणांस अर्थ राहत नाहीं, आणि वाणी परकी राहिली तर उत्तरास अर्थ राहत नाहीं. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे. ती ग्रीकांनीं शिस्तीनें चालून दाखविली, तशीच आपणांसही चालावी लागेल. त्यासाठीं वैद्यांबरोबर भाषेचे जाणकार हवेत, आणि त्यांच्याबरोबर ओट्यावरच्या आजीही हव्यात.

माझ्या मातोश्री एके सकाळीं न्हाणीच्या उंबरठ्याशीं पडल्या. त्या वर्षांत पडण्याची ती तिसरी वेळ होती, हें आम्हांस मागाहून शेजारणीकडून कळलें. खुब्याचें हाड मोडलें, आणि त्यांनीं जें अंथरूण धरलें तें सुटलें नाहीं. त्या काळीं हे पांच प्रश्न मला ठाऊक नव्हते. मी रोज घरीं आल्यावर ‘बरी आहेस ना?’ एवढेंच विचारीत असें, आणि त्या ‘बरी हाय’ एवढेंच म्हणत. श्रोतेहो, आपल्याही घरीं कोणी वडील मनुष्य असेल. त्यास प्रकृति विचारतांना गुंडांत पाणी किती आहे, हें एकदां पाहत जा. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.